‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा फोटो लावून भागतं का? कर्मचाऱ्यांच्या कौतुकाच्या योजना कशा चालतात आणि कुठे फसतात

समजा, हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्यानं जाताना वेटरबद्दल दोन चांगल्या ओळी लिहून दिल्या. तो कागद समितीपुढे गेला. समितीतले साहेब कामात होते, दोन दिवस कुणी त्याकडे बघितलंच नाही. एरवी अशा कागदाचं काय होतं, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. तो फायलीत जातो आणि तिथेच राहतो.

ताज हॉटेल्सच्या योजनेत मात्र नियम नेमका उलटा ठेवला होता. समितीनं ४८ तासांत निर्णय दिला नाही, तर गुण आपोआप कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा. उशीर साहेबांचा, फायदा कर्मचाऱ्याचा.

नियम एवढासा आहे, पण कौतुकाच्या योजना कुठे अडकतात ते ज्यानं कुणी तो लिहिला त्याला पक्कं ठाऊक असणार. पैसा सहसा कमी पडत नाही. ट्रॉफ्याही स्वस्तच असतात. अडतं ते वेळेवर, निकषांवर आणि ‘यंदा नंबर कुणाचा’ या प्रश्नावर.

तर कंपन्या कर्मचाऱ्यांच्या कौतुकासाठी योजना का आखतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का आणि कधीकधी त्या अंगलट का येतात, ते समजून घेऊ.

बोनस दिला, मग आणखी कौतुक कशाला?

दिवाळी जवळ आली की सोनपापडीच्या डब्यावरचे मीम्स फिरायला लागतात. त्या विनोदामागे एक खरी तक्रार आहे. सगळ्यांना सारखाच डबा मिळतो, तेव्हा वर्षभर राबलेल्या माणसाला त्यातून वेगळं काहीच कळत नाही.

बोनसचंही तसंच. कायद्यात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बोनस ही मालकाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. १९६५ च्या बोनस कायद्यानं किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी चौकट घालून दिली, आणि पुढे वेतन संहितेतही तीच ठेवली गेली. मुंबई महापालिकेचे कर्मचारी दरवर्षी दिवाळीआधी ज्याची वाट बघतात ते सानुग्रह अनुदानही सरसकट असतं. ते मिळालं नाही तर राग येतो. मिळालं तर ‘मिळायलाच हवं होतं’ असं वाटतं. आणि ते बरोबरही आहे.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हाच फरक १९५९ साली मांडला होता. पिट्सबर्ग परिसरातल्या इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की कामावर तुम्हाला फार चांगलं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? वाईट आठवणींत कंपनीची धोरणं, वरिष्ठांचं वागणं, पगार असे विषय जास्त होते. चांगल्या आठवणींत काहीतरी जमल्याचा आनंद होता आणि त्या कामाची कुणीतरी दखल घेतल्याचा.

म्हणजे पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो, पण पगार नीट आहे एवढ्यानं तो खूश होतोच असं नाही. याचा उलटा अर्थ काढणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि तो सोयीस्कर असतो. पगारवाढ टाळून सर्टिफिकेट वाटली, तर लोक त्या सर्टिफिकेटचा राग राग करतात. हर्झबर्गचं म्हणणं ‘पगाराऐवजी कौतुक’ असं कधीच नव्हतं.

ताजची ‘स्टार्स’ योजना नेमकी काय होती?

ताज समूहानं २००१ मध्ये ‘स्पेशल थँक्स अँड रेकग्निशन सिस्टीम’ सुरू केली. आद्याक्षरं जुळवून नाव झालं ‘स्टार्स’. पुढच्याच वर्षी या योजनेला हॉटेल व्यवसायातल्या मनुष्यबळविषयक नव्या कल्पनेसाठीचा हर्मिस पुरस्कार मिळाला. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ताजवर लेख लिहिला. त्यात या योजनेचं काम कसं चालतं याचं तपशीलवार वर्णन आहे.

गुण मिळवण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पाहुण्यानं कौतुक केलं तर गुण. सहकाऱ्यानं केलं तर गुण. आणि कर्मचाऱ्यानं स्वतः कामातली एखादी सुधारणा सुचवली आणि ती चांगली निघाली, तरीही गुण. यातला दुसरा मार्ग नीट बघण्यासारखा आहे. हॉटेलात पाहुण्यासमोर वावरतो तो वेटर किंवा रिसेप्शनवरचा माणूस. लाँड्रीत चादरी इस्त्री करणाऱ्याचं तोंडही पाहुण्याला कधी दिसत नाही. फक्त पाहुण्यांच्या अभिप्रायावर गुण ठेवले असते, तर पडद्यामागची सगळी माणसं पहिल्याच दिवशी स्पर्धेतून बाद झाली असती. त्यांचं काम सहकाऱ्यांना मात्र रोज दिसतं.

आलेल्या सगळ्या नोंदी तपासायला प्रत्येक हॉटेलात एक समिती. जनरल मॅनेजर, एचआर मॅनेजर, प्रशिक्षण विभागाचा प्रमुख आणि संबंधित खात्याचा प्रमुख असे चौघं. त्यांनी रोज दिवसाअखेरी बसायचं, कौतुक खरोखर वेगळ्या कामाचं आहे की नेहमीच्या कामाचं ते ठरवायचं आणि आपला शेरा कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असा लिहायचा. म्हणजे ‘याला दिलं, मला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर लेखी हजर. आणि समिती बसलीच नाही तर ४८ तासांचा नियम आहेच.

गुण साठत गेले की पायऱ्या चढायच्या. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, मग सीओओ क्लब आणि सगळ्यात वर मॅनेजिंग डायरेक्टर क्लब. पहिल्या तीन पायऱ्यांवर गिफ्ट व्हाउचर, कोटावर लावायची पिन, ढाल, प्रमाणपत्र. सर्वात वरच्या पायरीवर पोहोचलेल्यांना समूहाच्या वार्षिक सोहळ्यात क्रिस्टलची ट्रॉफी. रकमेच्या हिशेबात यातलं काहीही डोळे दिपवणारं नाही. कोटावरची पिन मात्र रोज दिसते.

२६/११ शी याचा संबंध काय?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतल्या ताजमहाल पॅलेसवर हल्ला झाला, तेव्हा हॉटेलातले कर्मचारी पळून जाऊ शकत होते. बाहेर पडायचे मागचे रस्ते त्यांना पाठ होते. पण अनेक जण थांबले. एका बँक्वेट हॉलमध्ये कंपनीच्या निरोपाची मेजवानी सुरू होती. तिथली व्यवस्था बघणारी मॅनेजर अवघी २४ वर्षांची होती. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी दारं लावून घेतली, दिवे मालवले, लोकांना टेबलांखाली बसवलं आणि रात्रभर त्यांना पाणी देत धीर दिला. देशपांडे आणि रैना यांच्या लेखानुसार १,२०० ते १,५०० पाहुण्यांना बाहेर काढण्यात कर्मचाऱ्यांनी मदत केली आणि ११ कर्मचाऱ्यांचा जीव गेला.

ही माणसं अशी का वागली, याचा शोध घेताना लेखकांनी तीन गोष्टींवर बोट ठेवलं. भरती कुणाची होते, प्रशिक्षण कसं होतं आणि कौतुक कसं होतं. ताज भरतीसाठी मोठ्या शहरांऐवजी लहान गावांकडे वळतं, गुणपत्रिकेपेक्षा स्वभाव बघतं. प्रशिक्षण १८ महिन्यांचं, तेव्हा इतरत्र ते साधारण १२ महिन्यांचं असायचं. आणि चांगल्या कामाची पावती वरून, मुख्यालयातून नव्हे, तर रोजच्या वरिष्ठाकडून आणि लगेच मिळते.

इथे सोशल मीडियावर हमखास होणारी एक चूक टाळायला हवी. ‘गुणांच्या योजनेमुळे लोकांनी प्राण दिले’ असं कुणी म्हणू नये. पिन मिळावी म्हणून कुणी गोळ्यांसमोर उभं राहत नाही. रोजच्या लहान लहान प्रसंगांत ‘पाहुणा आधी’ हे वागणं वर्षानुवर्षं लक्षात घेतलं गेलं, ते अंगात मुरलं, एवढंच फार तर म्हणता येतं.

पण अभ्यास काय सांगतात? कौतुकानं काम वाढतं का?

वाढतं, आणि कधीकधी एक पैसाही न देता.

याना गॅलस या संशोधिकेनं जर्मन भाषेतल्या विकिपीडियावर एक प्रयोग केला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना पगार नसतो, आणि नवे लोक थोडे दिवस लिहून गायब होतात. चांगलं काम करणाऱ्या सुमारे ४ हजार नवख्या लेखकांतून काही जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले गेले आणि त्यांना एक चिन्ह देण्यात आलं. संगणकाच्या पडद्यावरचं चित्र, बाकी काही नाही. ज्यांना ते मिळालं त्यांच्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांनी जास्त निघालं, आणि हा परिणाम वर्षभर दिसत राहिला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवरचा. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी तो २०१० मध्ये मांडला. विभागाच्या संचालकांनी येऊन एका गटाचे आभार मानले, दुसऱ्या गटाचे मानले नाहीत. या लोकांचा पगार ठरलेला होता, फोन जास्त केले म्हणून तो वाढणार नव्हता. तरीही आभार ऐकलेल्या गटाचे आठवड्याचे फोन निम्म्याहून जास्त वाढले.

तिसरा प्रयोग जरा वेगळंच सांगतो. डेटा एंट्रीच्या तीन तासांच्या कामासाठी तीनशेहून अधिक लोकांना लहान गटांत घेण्यात आलं. मधेच काहींना आभाराचं कार्ड दिलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो कार्ड सरसकट न देता गटातल्या सर्वोत्तम काहींनाच दिलं तेव्हा. गंमत म्हणजे काम मुख्यतः वाढलं ते ज्यांना कार्ड मिळालं नाही त्यांचं. समोरच्याला दिलेली पावती पटण्यासारखी असेल, तर बाकीचे कंबर कसतात. अर्थात हे तीन तासांचं काम होतं. वीस वर्षं एकाच टेबलावर बसणाऱ्यांना दरवेळी कार्ड नाकारलं तर काय होईल, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

मग योजना अंगलट कशी येते?

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या औद्योगिक लाँड्रीचं. एका कंपनीचे असे पाच कारखाने होते. त्यांतल्या एका मॅनेजरनं चांगल्या मनानं योजना काढली. महिनाभर एकही विनापरवानगी खाडा नाही आणि एकदाही उशीर नाही, अशा सगळ्यांची नावं सोडतीत टाकायची आणि जिंकणाऱ्याला ७५ डॉलरचं गिफ्ट कार्ड द्यायचं. टिमोथी गुबलर, इयान लार्किन आणि लामार पिअर्स यांनी नंतर या कारखान्याच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये आला.

काय झालं? उशिरा येणं कमी झालं, पण पात्र असेपर्यंतच. महिन्याच्या सुरुवातीलाच एकदा उशीर झाला की सोडतीतून नाव गेलं, मग उरलेल्या दिवसांत वेळेवर यायची घाई कुणाला? काहींनी पळवाट शोधली. उशीर होतोय असं दिसलं की आजारी असल्याचं कळवून सुट्टीच टाकायची, कारण परवानगीची सुट्टी मोजली जात नव्हती.

सगळ्यात मोठा फटका बसला तो भलत्याच लोकांना. जे आधीपासून, कुणी काही देत नसताना, रोज वेळेवर येऊन चोख काम करत होते, त्यांचं काम मंदावलं. आपण जे मनापासून करत होतो त्याची किंमत एका सोडतीएवढी आहे, आणि कालपर्यंत उशिरा येणारा महिनाभर नीट आला की तोही आपल्या बरोबरीचा, असं त्यांना दिसलं. एकूण हिशेबात कारखान्याची उत्पादकता १.४ टक्क्यांनी घटली. बक्षिसाचा खर्च वेगळाच.

शाळांतही असंच काहीसं दिसलं आहे. कॅलिफोर्नियात १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, आधी न सांगता पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र दिलेल्या मुलांची हजेरी पुढच्या महिन्यात उलट कमी झाली. ‘तू इतरांपेक्षा जास्त आलास’ याचा अर्थ मुलांनी ‘इतकं यायची गरज नव्हती’ असा घेतला, असं संशोधकांना वाटतं.

भारतातल्या ऑफिसांत अपयशाचा प्रकार सहसा आणखी साधा असतो. पाळी लागते. जानेवारीत सेल्स, फेब्रुवारीत अकाउंट्स, मार्चमध्ये ‘या डिपार्टमेंटला अजून मिळालंच नाही’ म्हणून तिथला कुणीतरी. सहा महिन्यांत सगळ्यांना कळतं, की हे बक्षीस नसून रेशनचं कार्ड आहे. आणि जिथे पाळी नसते तिथे दरवेळी सेल्सवालाच जिंकतो, कारण त्याचं यश आकड्यांत दिसतं. मेंटेनन्सच्या माणसानं वर्षभर चोख काम केलं तर काय दिसतं? काहीच नाही. मशीन बंद पडलं नाही, एवढंच.

‘काहीच घडलं नाही’ याचं कौतुक कसं करायचं?

याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. एसटी महामंडळ २५ वर्षं विनाअपघात सेवा देणाऱ्या चालकांचा सत्कार करतं, अनेकदा सपत्नीक. घाट, पाऊस, रात्रीच्या फेऱ्या आणि इतकी वर्षं एकही अपघात नाही. इथे निकष एका ओळीत सांगता येतो. तो चालकाच्या मुख्य कामाचा आहे, साहेबाच्या मर्जीचा नाही. आणि तो खोटा करता येत नाही, कारण नोंदी असतात. फक्त २५ वर्षं हा फार लांबचा पल्ला. नव्या चालकाला तोवर कुणी काही म्हणायचंच नाही का, हा प्रश्न उरतोच.

त्याच्या उलट टोक टाटा समूहाच्या ‘इनोव्हिस्टा’ स्पर्धेत आहे. तिथे ‘डेअर टू ट्राय’ नावाचा गट आहे. नव्या कल्पनेवर धाडसानं काम केलं पण ती फसली, अशांसाठी. फसलेल्या प्रयोगाला व्यासपीठावर बोलावलं की बाकीच्यांना प्रयोग करायची भीती कमी वाटते, असा त्यामागचा विचार.

लहान कंपनीनं सुरुवात कुठून करायची?

चाकण किंवा सातपूरच्या एमआयडीसीतलं ६० माणसांचं एखादं युनिट डोळ्यांसमोर आणा. तिथे अ‍ॅप नको, ट्रॉफी नको. आधी दोन-तीन वागणुकी ठरवायच्या, ज्यांची कंपनीला खरोखर गरज आहे. खराब माल पुढे जाऊ न देणं, सुरक्षेची चूक वेळेत सांगणं, नव्या मुलाला मशीन शिकवणं. हे कामगारांना विचारूनच ठरवलेलं बरं, कारण कोण खरं काम ओढतं ते शॉपफ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतं आणि केबिनमध्ये बऱ्याचदा नसतं.

मग बोलायचं कसं, हा खरा भाग. ‘व्हेरी गुड, कीप इट अप’ ऐकून कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी सुपरवायझर असं म्हणाला तर बघा: ‘मामा, मंगळवारी दुसऱ्या शिफ्टला तुम्ही गेज तपासून लॉट थांबवलात. तो गेला असता तर पूर्ण माल परत आला असता.’ यात दिवस आहे, काम आहे आणि त्यानं काय वाचलं तेही आहे. ऐकणाऱ्या दुसऱ्या दहा जणांनाही कळलं, की इथे लॉट थांबवला तर शिव्या बसत नाहीत.

किती वेळा? गॅलप ही संस्था कर्मचाऱ्यांना जे १२ प्रश्न विचारते त्यातला एक म्हणजे गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल तुम्हाला कौतुकाचे शब्द मिळाले का. सात दिवसांत, वर्षात नव्हे. वार्षिक स्नेहसंमेलनात जुलैच्या कामाची शाल मार्चमध्ये मिळते, तेव्हा कामच आठवत नाही.

चारचौघांत की एकट्यात, हे माणसागणिक ठरतं. काहींना टाळ्या हव्या असतात, काही जण टाळ्यांनी संकोचतात आणि नंतर सहकाऱ्यांच्या टोमण्यांना घाबरतात. विचारून घ्यावं. सहकाऱ्यांनी एकमेकांना पावती द्यायची सोयही उपयोगी पडते. गुगलचे माजी मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी लिहिलं आहे, की तिथे कुणीही सहकाऱ्याला १७५ डॉलरचा बोनस देऊ शकायचा, त्यासाठी साहेबाची मंजुरी लागत नसे. ६० माणसांच्या युनिटमध्ये डॉलर नसतील, पण नाव सुचवायची पेटी असू शकते. फक्त ती दर आठवड्याला उघडायला हवी.

बक्षीस द्यायचं असेल तर अकाउंटंटला आधी विचारलेलं चांगलं. रोख रक्कम ही पगारातच धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो. वस्तूरूपातल्या भेटीला आयकरात ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. जीएसटी कायद्यात एका कर्मचाऱ्याला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या भेटी पुरवठा मानल्या जात नाहीत. बक्षीस म्हणून हातात आलेल्या रकमेतून पुढच्या महिन्यात टीडीएस कापला गेला, की कौतुकाची सगळी चव जाते.

यादीत नाव नसलेले लोक

एक अडचण मात्र बहुतेक योजनांच्या माहितीपत्रकात सापडत नाही. पात्रतेच्या रकान्यात ‘कंपनीचे कायम कर्मचारी’ असं लिहिलेलं असतं. सफाई करणाऱ्या मावशी, कँटीनमधली मुलं, गेटवरचे सुरक्षारक्षक आणि अनेक कारखान्यांत तर मशीनवर उभे असलेले निम्मे हातही कंत्राटदाराचे असतात. त्यांना वगळण्यामागे एचआरचं एक कारण असतं. कंत्राटी कामगारांना कायम कामगारांसारखंच वागवलं, तर उद्या ते कोर्टात ‘आम्ही या कंपनीचेच’ असा दावा करतील, ही भीती.

भीती अगदीच खोटी नाही, पण तिच्यावर मार्ग आहे. कंत्राटदाराबरोबरच्या करारातच अशा बक्षिसाची तरतूद करायची आणि ते कंत्राटदाराच्या हातून द्यायचं. सहकाऱ्यांनी नाव सुचवायच्या पेटीवर ‘फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहायचं नाही. ‘मावशी, काल रात्री पाणी गळतंय हे तुम्ही सांगितलंत म्हणून पॅनल वाचलं’ एवढं म्हणायला तर कुठल्याच कराराची गरज नाही. वर्षाअखेरी त्या पेटीतल्या चिठ्ठ्या मोजायच्या. गेटवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या रक्षकाचं नाव त्यात एकदाही आलं नसेल, तर पुढच्या वर्षीच्या योजनेतलं पहिलं काम ठरलं.